४५६ रुपये आणि मे महिन्याचा शेवटचा आठवडा

राम राम मंडळी. हे पासबुक आमच्या गल्लीतल्या नानांचं. जरा जवळून दाखवतो. ही मे महिन्यातली नोंद बघा: २० रुपये वजा. त्याच्या वरच्या पानांवर दरसाल दोन नोंदी आहेत, ४३६ आणि २०, मिळून ४५६. हे दोन सरकारी विम्यांचे हप्ते. यंदा ४३६ ची नाही. कारण त्या दिवशी खात्यात २११ रुपयेच होते.

नाना सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, साल ठरलं, उचल मिळाली, ती उधारीत आणि पोरीच्या लग्नात गेली. आषाढात नाना हृदयविकाराच्या झटक्यानं गेले, ५२ व्या वर्षी.

वीस रुपयांचा तो सुरक्षा विमा. तो फक्त अपघाताचा. अपघातानं मृत्यू आला तर दोन लाख. साप चावला, झाडावरून पडलं, तरी चालतो, पण दवाखान्याचा लगेचचा कागद लागतो. म्हणून शेतात कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर आधी सरकारी दवाखाना गाठा. जीव वाचवण्यासाठी तर जायचंच, कागदही तिथंच होतो. ४३६ चा जीवन ज्योती विमा मात्र कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी दोन लाख देतो. नानांना तोच हवा होता, आणि तोच तुटला होता. आधीच्या वर्षांचे हप्ते धरले जात नाहीत.

एवढ्या पैशांत एवढं संरक्षण ही मोठी गोष्ट आहे, हे मी मनापासून सांगतो. कंपनीतल्या कामगाराला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, असतं. २१ हजारांपर्यंत पगार असेल तर त्याचे पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. सालदाराच्या वाटचं कोण भरणार? त्याला हा ४५६ चाच आधार.

पण हप्ता कापतात कधी? मेच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा खानदेशात शेतकरी कापसाच्या बियाण्यासाठी खातं रिकामं करतो आणि मजुराच्या हाताला काम नसतं. माझं स्पष्ट मत आहे, ही कपात दिवाळीनंतर, कापूस विकल्यावर व्हायला हवी. दुसरी गोष्ट, २०१५ मध्ये हप्ते ३३० आणि १२ होते, जून २०२२ पासून वाढले. भरपाई मात्र तेव्हाही दोन लाख, आजही दोन लाख.

जीवन ज्योतीचा हप्ता चुकला तर पुन्हा भरता येतो, पण पहिले ३० दिवस अपघाताशिवाय मृत्यू झाला तर काही मिळत नाही. दोन बँकांत दोनदा कापलं तरी विमा एकच. जीवन ज्योतीत नाव ५० वर्षांपर्यंतच घालता येतं, आणि ५५ ला तो संपतो, म्हणजे नेमकं शरीर थकायला लागतं तेव्हा.

काल नानांच्या मुलाला घेऊन बँकेत गेलो. त्याच्या खात्यात ५०० रुपये टाकले, दोन्ही फॉर्म भरले. वारसदाराचा रकाना तो कोराच सोडून पुढं सरकत होता. मी थांबवलं, तेव्हा त्यानं बायकोचं नाव लिहिलं.