आधी सीलंट की आधी वॅक्स? गाडीच्या रंगावरचे थर

(दृश्य: काळी हॅचबॅक, गाडीतळाच्या सावलीत. बोनेटवर तिरपा टॉर्च.)

दहा फुटांवरून ही गाडी झकास दिसते. टॉर्च तिरपा धरला की मात्र बोनेटभर बारीक, गोल ओरखडे दिसायला लागतात. हे कुणी मुद्दाम ओढलेले नाहीत. सोसायटीत रोज सकाळी गाडीवर कोरडा फडका मारला जातो. आधीच्या चार गाड्यांची धूळ त्याच फडक्यात असते आणि ती रंगावर घासली जाते. पांढऱ्या गाडीवरही असेच ओरखडे असतात, फक्त नजरेला पडत नाहीत.

या गाडीला आज पॉलिश होईल, मग सीलंट (रंगाला धरून बसणारा कृत्रिम थर) लागेल आणि उद्या त्यावर कार्नोबा वॅक्स, म्हणजे झाडाचं मेण. वस्तू बाजारात सहज मिळतात. घोळ होतो तो क्रमात.

(दृश्य: जाडी मोजणारं यंत्र दारावर टेकवलेलं. आकडा: ११२.)

कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाची एकूण जाडी साधारण ९० ते १४० मायक्रॉन असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पत्र्यालगत गंज रोखणारा ई-कोट, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. अतिनील किरण अडवणारे घटक यातच असतात आणि चकाकीही इथूनच येते. पृष्ठभाग सपाट असेल तर प्रकाश एका दिशेने परततो. ओरखड्यांवर तो विखुरतो आणि काळा रंग राखाडी भासतो. त्यामुळे चकाकीचा मोठा वाटा पॉलिशिंगचा. वॅक्सने ती थोडी खुलते, इतकंच.

धुण्याबद्दल फार सांगायला नको. दोन बादल्या, न्यूट्रल पीएचचा शाम्पू, वरून खाली. शाम्पूनंतर रंगात रुतलेले लोखंडाचे कण काढायचे. ब्रेक लावले की पॅड आणि डिस्कची झीज होऊन हे कण उडतात, रंगाला चिकटतात आणि तिथेच गंजतात. आयर्न रिमूव्हर फवारला की दोन-तीन मिनिटांत जागोजागी जांभळे ओघळ दिसतात. वास असह्य असतो, तो तसाच असायचा. सावलीत फवारावं आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुऊन टाकावं.

(दृश्य: पावाच्या पुड्याची पिशवी हातात चढवून बोटं बोनेटवरून फिरतायत.)

ही तपासणी बिनखर्चाची आहे. पातळ प्लास्टिकमधून हात फिरवला की नुसत्या बोटांना न जाणवणारी खरखर स्पष्ट कळते. कॅरी बॅगवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण पावाची पिशवी घरोघरी असते. खरखर लागली तर क्ले बार घ्यायचा, म्हणजे रुतलेला मळ उचलणारी मातीसारखी मऊ वडी. त्याचा लहान तुकडा तळहातावर चपटा करून, शाम्पूचं पाणी भरपूर मारून, हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायचा. मळला की घडी घालून आतली स्वच्छ बाजू वर आणायची. तुकडा जमिनीवर पडला तर तो गेलाच. धुऊन पुन्हा वापरला तर त्यात रुतलेली वाळू बोनेटवर नवे ओरखडे काढते, आणि बचत होते ती पन्नास-शंभर रुपयांची.

आता पॉलिश. गॅरेजमध्ये ज्याला ‘रबिंग’ म्हणतात, त्यात बहुतेक वेळा कडक कंपाउंड आणि गोल फिरणारं रोटरी मशीन असतं. काम झटपट होतं, पण कडांवरचा क्लिअर कोट उडण्याचा धोकाही तितकाच मोठा. इथे ड्युअल ॲक्शन मशीन आहे, ज्यात पॅड फिरता फिरता डुलतंही. पाच इंची फोम पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, एका वेळी साधारण दीड फूट बाय दीड फूट जागा, आणि उभे-आडवे मिळून चार ते सहा हात. यात क्लिअर कोट एखाद-दोन मायक्रॉनने कमी होतो. म्हणून दर सहा महिन्यांनी रबिंग करून घेणारी गाडी पाचव्या वर्षी चमकत नाही, सोलायला लागते.

पॉलिशमध्ये तेलं असतात. ती रंगावर राहिली तर ओरखडे बुजल्यासारखे दिसतात आणि पुढचा थरही नीट धरत नाही. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलचं १५ टक्क्यांच्या आसपासचं पाणी फवारून स्वच्छ मायक्रोफायबरने पुसायचं. ही पायरी गाळली की ‘सीलंट टिकलंच नाही’ ही तक्रार ठरलेली.

(दृश्य: ॲप्लिकेटर पॅडवर सीलंटची पातळ रेघ.)

सीलंट हे कृत्रिम पॉलिमर. पृष्ठभाग उघडा मिळाला तर ते त्याला पकडतं. अख्ख्या हॅचबॅकला १५ ते २० मिली पुरतं. जास्त लावल्याने जास्त टिकत नाही, पुसताना दंड मात्र दुखतात. एकेक पॅनल घेऊन, दिसेल न दिसेल असा पातळ हात द्यायचा. धुरकट झालं की बोट ओढून पाहायचं. बोटाखाली रंग स्वच्छ दिसला तर पुसायला तयार, फरफटल्यासारखा पट्टा उमटला तर अजून थांबायचं.

यानंतर गाडी १२ ते २४ तास तशीच सोडायची. पाणी नाही, दव नाही, वॅक्सही नाही. घाई होते ती इथेच. एका दुपारीत सीलंट आणि वॅक्स दोन्ही उरकणाऱ्या दुकानात, वॅक्समधले सॉल्व्हंट न सुकलेल्या सीलंटमध्ये मिसळतात आणि दोन्हींचा बट्ट्याबोळ होतो.

दुसऱ्या दिवशी कार्नोबा. ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं हे मेण. पानं वाळवून, झोडपून ते काढतात. ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं आणि शुद्ध स्वरूपात इतकं कडक असतं की हाताने लावताच येणार नाही. डबीतल्या वॅक्समध्ये त्यासोबत तेलं, सॉल्व्हंट आणि इतर मेणं असतात. मे महिन्यात उन्हात उभ्या काळ्या गाडीचं बोनेट ६० अंशांच्या वर सहज जातं, त्यामुळे हा थर साधारण सहा-आठ आठवडेच साथ देतो. सीलंट चार ते सहा महिने चालतं. म्हणून टिकणारं खाली आणि खुलवणारं वर.

उलट केलं तर? कपाळाला तेल लावून टिकली लावून पाहा. वॅक्सवर सीलंटचं तसंच होतं. पॉलिमरला धरायला पृष्ठभाग मिळत नाही, ते वॅक्सवर तरंगतं आणि वॅक्स उतरलं की सोबत जातं.

किती थर द्यावेत यावर पैजा लागतात. पाच थर दिले म्हणून पाचपट जाडी होत नाही. नवीन वॅक्समधलं सॉल्व्हंट जुन्याला थोडं विरघळवतं, जास्तीचं फडक्यावर येतं आणि मागे उरतं ते एका मायक्रॉनपेक्षाही कमी. दुसरा हात जरूर द्यावा, पण तो आरशामागे, दाराच्या हँडलखाली आणि बंपरच्या वळणावर सुटलेल्या जागांसाठी. तिसऱ्यापासून पुढचे हात म्हणजे फक्त व्यायाम.

‘क्लीनर वॅक्स’ किंवा ‘थ्री इन वन’ लिहिलेली बाटली या रचनेच्या वर कधीही आणू नये. तिच्यातलं क्लीनर खालचं वॅक्स काढतं, सीलंटही झिजवतं. ग्लेझ वेगळं. ते ओरखड्यांत तेल आणि बारीक भुकटी भरून रंग खोल दाखवतं, लग्नाच्या वरातीपुरतं उत्तम. पण चार-पाच धुण्यांत निघतं, आणि त्यावर सीलंट किंवा सिरॅमिक (रंगावर कडक होणारं द्रव कोटिंग) धरत नाही. ग्लेझच्या वर फक्त वॅक्स.

(दृश्य: सिरॅमिक कोटिंगचा पट्टा, त्यावर इंद्रधनुषी झाक.)

सिरॅमिकला तर आणखी कोरी जागा लागते: ना वॅक्स, ना सीलंट, ना ग्लेझ. दोन फूट बाय दोन फूट जागेवर उभे-आडवे हात, मग ही झाक दिसेपर्यंत एक-दोन मिनिटं थांबून दोन वेगळ्या फडक्यांनी पुसायचं. अनेक कोटिंग हवेतल्या दमटपणाने घट्ट होतात. जुलैत कोकणात हे काम केलं तर पुसायच्या आतच ते आवळतं आणि काळपट पट्टे राहतात. लगेच लक्षात आलं तर थोडं कोटिंग पुन्हा लावून पुसता येतात, दुसऱ्या दिवशी पॉलिशशिवाय इलाज नाही. दिवाळीनंतरचे कोरडे, थंड दिवस याला सर्वांत सोयीचे. वापरलेले फडके टाकून द्यावेत, धुतले तरी त्यातले कडक कण जात नाहीत.

बाटलीवरचं ‘९एच’ म्हणजे पेन्सिलीच्या ओरखड्याची चाचणी. दगड उडाला तर ९एच काही करत नाही. त्यासाठी १५० ते २०० मायक्रॉनची पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म लागते, आणि ती कोटिंगच्या आधी बसवायची. कोटिंगवर तिचा गोंद नीट धरत नाही. ‘टेफ्लॉन कोटिंग’चंही ऐका. टेफ्लॉन भाजून बसवायला ३०० अंशांहून जास्त उष्णता लागते. तेवढ्यात गाडीचा रंग जळून जाईल. त्या नावाने मारतात ते बहुतेकदा साधं सीलंटच असतं.

पाण्याचे टपोरे थेंब जाहिरातीत छान दिसतात. बोअरवेलच्या पाण्याचे तेच थेंब उन्हात सुकले की कॅल्शियमची पांढरी वर्तुळं राहतात, मग खाली वॅक्स असो की सिरॅमिक. धुतल्यावर गाडी लगेच टिपायची. वर्तुळं राहिलीच तर निम्मं पांढरं व्हिनेगर आणि निम्मं पाणी, मिनिटभर, मग धुणं, आणि त्या जागी वॅक्सचा नवा हात. दसऱ्याला हार घालताना त्याची तार बोनेटला टेकत नाही ना, तेही बघावं.

डेंटिंग-पेंटिंग करून आणलेल्या पॅनलवर मात्र यातलं काहीच लगेच लावायचं नाही. नव्या रंगातले सॉल्व्हंट बाहेर पडायला साधारण ३० ते ६० दिवस लागतात. वरून थर बंद केला तर रंग मऊ राहतो, कधी फोड येतात. तोवर साधा शाम्पू आणि पाणी. गॅरेजच्या बिलावर रंग मारल्याची तारीख आणि पॅनलचं नाव लिहून घ्यावं. दोन महिन्यांनी कुठलं दार नवीन होतं, हे नुसतं बघून कळत नाही.