१९७९ : सैन्यासोबत आलेले राज्यकर्ते

[नकाशा : कंबोडिया, युगांडा, मध्य आफ्रिका, अफगाणिस्तान]

जुलमी राजवट पाडायला दुसऱ्या देशाने फौज घुसवावी का? हा वाद हल्ली इराक आणि लिबियापाशीच घुटमळतो. आपण जरा मागे जाऊ, १९७९ मध्ये. त्या एका वर्षात परक्या सैन्यांनी चार देशांचे सत्ताधीश उलथवले.

७ जानेवारी. व्हिएतनामी फौजा कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये शिरल्या तेव्हा शहर जवळपास ओस पडलेलं होतं. ख्मेर रूज या सत्ताधारी कम्युनिस्ट गटाने १९७५ मध्येच इथल्या लोकांना खेड्यांकडे हाकललं होतं. पुढे उपासमार, रोगराई आणि कत्तलींत देशभरात १५ ते २० लाख माणसं गेली. त्यांचा नेता पोल पॉट याची राजवट कोसळली, तेव्हा कुठे हे सत्र थांबलं.

व्हिएतनाम काही दयेपोटी आला नव्हता. ख्मेर रूज सरहद्द ओलांडून त्याची माणसं मारत होते. १९७८ साली बा चूक या एका गावात ३ हजारांहून अधिक. हानोई, म्हणजे व्हिएतनामचं सरकार, तर म्हणत राहिलं, की राजवट कंबोडियन लोकांनीच उलथवली!

जगाची प्रतिक्रिया काय होती? चीनने फेब्रुवारीत व्हिएतनामवरच हल्ला चढवला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कंबोडियाची जागा हाकलल्या गेलेल्या ख्मेर रूजकडेच ठेवली, अमेरिकेच्याही मताने. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत दुसऱ्या देशावर बळ वापरायला मनाई आहे, त्यामुळे कायद्याने हे आक्रमणच. पण वाचलेल्या माणसांपुढे हा कायदा मला तोकडा वाटतो.

[दृश्य : कंपाला]

एप्रिलमध्ये युगांडाचं कंपाला पडलं. कुरापत तिथला हुकूमशहा इदी अमीन याने काढली होती. टांझानियाचा कागेरा भाग त्याने बळकावला. ज्युलियस न्येरेरे यांच्या सैन्याने तो सोडवला, आणि सरहद्दीवर न थांबता थेट राजधानी गाठली. गद्दाफीने अमीनसाठी धाडलेली कुमकही कामी आली नाही.

सप्टेंबरात फ्रान्सने मध्य आफ्रिकेतल्या साम्राज्याचा सम्राट बोकासा याला हटवलं. दोनच वर्षांपूर्वी त्याच्या राज्याभिषेकाला पैसा पुरवणाराही फ्रान्सच. यावर वेगळं काय बोलायचं!

२७ डिसेंबर, काबूल. अफगाणिस्तानचा सत्ताधीश हाफिजुल्ला अमीन स्वतःच सोव्हिएत सैन्य मागत होता. ते आलं, आणि त्याचाच काटा काढला.

चारही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. गादीवर कोण बसणार, हे आधीच ठरलेलं होतं. बोकासाच्या जागी आलेला डेव्हिड डॅको फ्रेंच सैनिकांबरोबर विमानातून उतरला. काबूलमध्ये बबराक करमालला सोव्हिएतांनी आणून बसवलं. युगांडाचं सरकार टांझानियातल्या मोशी शहरात जुळवलं गेलं. त्याचे अध्यक्ष युसुफ लुले जेमतेम दोन महिने टिकले, आणि १९८० च्या निवडणुकीनंतर देश पुन्हा यादवीत गेला. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौज १९८९ पर्यंत अडकली.

कत्तल थांबवायला आलेली फौज मी एक वेळ समजू शकतो, तिचा हेतू स्वार्थी असला तरी. सोबत राष्ट्राध्यक्ष घेऊन आलेल्या फौजेवर मात्र माझा विश्वास बसत नाही. १९७९ ची अडचण ही, की कंबोडियात दोन्ही गोष्टी एकाच रणगाड्यावरून आल्या.

व्हिएतनामने १९८९ मध्ये कंबोडियातून सैन्य काढून घेतलं. त्याच्यासोबत आलेला ख्मेर रूजचा फुटीर कमांडर हुन सेन त्याआधीच, १९८५ मध्ये, पंतप्रधान झाला होता. २०२३ मध्ये त्याने ते पद सोडलं आणि मुलाकडे सोपवलं.