कोकण रेल्वे: पावसाआधी चालणारी माणसं

(दृश्य: पहाट. मुसळधार पाऊस. दोन्ही बाजूंना उभं कटिंग, मधून एकच रेल्वेमार्ग. लांबून एक हातबत्ती हलत येते.)

गाडी यायच्या आधी हा गस्तवाला आपल्या हद्दीतले रूळ पायी बघून घेतो. कडेची माती सुटलीय का, गटार तुंबलंय का, कालचा तो दगड आज जरा खाली आलाय का. त्याच्या पिशवीत फटाके असतात. दरड दिसली की ते लांबवर रुळावर बसवायचे. चाकाखाली फुटले की ड्रायव्हर समजतो: थांब.

ही गस्त कोकण रेल्वे महामंडळाची.

कोकणात रेल्वे हवी, ही मागणी कित्येक पिढ्यांची. उत्तर ठरलेलं: पैसे नाहीत. 1990 मध्ये योग जुळला. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, अर्थमंत्री राजापूरचे खासदार मधु दंडवते. रेल्वेच्या नेहमीच्या खात्यातून हे काम होणार नाही, हे ओळखून स्वतंत्र सरकारी कंपनीच काढली: हेच कोकण रेल्वे महामंडळ. केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळ प्रत्येकी 6. बाकी पैसा बाजारात रोखे विकून. म्हणजे कर्जच. ते फेडायचं म्हणून तिकिटाचं अंतरही प्रत्यक्षापेक्षा वाढवून धरलं गेलं. कोकणी माणसाने आपल्या रेल्वेचा हप्ता असा तिकिटातून भरला.

(दृश्य: पानवल पूल, खालून वर.)

महामंडळाचे प्रमुख, इंजिनिअर ई. श्रीधरन यांच्या हाताखाली रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटर मार्ग उभा राहिला. रत्नागिरीजवळचा हा पानवलचा पूल 64 मीटर उंच. करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटर. पण इंजिनिअरांना रडवलं ते सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाने नव्हे, मऊ मातीने. कातळ सुरुंगाने फुटतो. गोव्यात पेडण्याला मात्र जेवढं खणावं तेवढं पुन्हा आत यायचं, चिखल होऊन. 26 जानेवारी 1998 ला अखेर सगळा मार्ग खुला झाला.

कोकणातला पाऊस तेवढा हिशेबात कमी धरला गेला.

(शांतता. फक्त पावसाचा आवाज.)

22 जून 2003. वैभववाडीजवळ रात्री रुळांवर दरड आली आणि कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची विशेष गाडी तिच्यावर आदळली. पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. कारण पुन्हा रुळावर आलेले दगड.

त्यानंतर डोंगरउतार कापून सौम्य केले, कड्यांना जाळ्या बांधल्या. पाऊस दाटला, पुढचं दिसेना झालं की वेग ताशी 40 किलोमीटरवर आणायचा, असा दंडक आला. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रकही आहे. पूर्वी ते 10 जून ते 31 ऑक्टोबर असायचं, 2025 मध्ये 15 जून ते 20 ऑक्टोबर झालं. गाड्या उशिरा पोचतात, प्रवासी कुरकुरतात. कुरकुरू देत.

दुसरी कुरकुर मात्र रास्त आहे. रोहा ते वीर एवढाच टप्पा 2021 मध्ये दुहेरी झाला. पुढे बहुतेक सगळा मार्ग एकेरी. गणपतीत गावी निघालेला चाकरमानी एखाद्या छोट्या स्टेशनात अर्धा अर्धा तास क्रॉसिंगला बसून राहतो. समोरची गाडी धडधडत निघून जाते, मग आपली हलते. दुसरी लाइन टाकायला हजारो कोटी लागतील, आणि ते या छोट्या महामंडळाच्या तिजोरीत नाहीत.

म्हणूनच भारतीय रेल्वेत विलीनीकरणाची मागणी. मे 2025 मध्ये महाराष्ट्राने संमती कळवली, दोन अटी घालून. राज्याने गुंतवलेले 396 कोटींहून अधिक रुपये परत मिळावेत, हे ओघानेच आलं. दुसरी अट पैशाची नव्हती: नाव 'कोकण रेल्वे' हेच राहावं.

(दृश्य: उजाडलंय. हद्दीच्या टोकाला दोन गस्तवाले भेटतात, वह्यांची अदलाबदल करतात आणि आपापल्या वाटेने माघारी फिरतात.)