प्याल्यात पडलेली माशी

मित्रहो,

ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल या दरम्यान केव्हाही येतो, आणि तो एप्रिलच्या मध्यावर आला की आपल्या नागपुरात ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाच्या मिस्सेलाही, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेलाही, कूलर लावावे लागतात. काही वर्षांपूर्वी आमच्या चर्चमध्ये दिवे मालवलेले होते, पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून ज्योत हातोहात मागच्या बाकांपर्यंत निघाली होती, आणि तेवढ्यात कोणीतरी उकाड्याने कासावीस होऊन बाजूचा कूलर सुरू केला. डावीकडच्या चार-पाच रांगा एका झोतात विझल्या. त्या गंभीर काळोखात एका आजींचा खणखणीत आवाज आला, ‘‘अरे बाबा, तो कूलर बंद कर ना पहिले!’’ आणि सगळे चर्च हसले. फादरही हसले, थांबले, आणि उजवीकडच्या लोकांनी उठून आपापली ज्योत डावीकडे नेऊन दिली.

अशा प्रसंगांनी उपासनेचे पावित्र्य भंगते, असे मानणारे लोक मला भेटतात. मला तसे वाटत नाही, आणि चर्चच्या परंपरेतच त्याला आधार आहे. 1570 च्या रोमन मिस्सा-ग्रंथात मिस्सेत घडू शकणाऱ्या चुका आणि अपघातांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. अभिषेकापूर्वी, म्हणजे धर्मगुरूने प्रार्थनेने द्राक्षारस पवित्र करण्यापूर्वी, त्याच्या प्याल्यात माशी किंवा कोळी पडला, तर तो रस ओतून दुसरा घ्यावा. अभिषेकानंतर पडला आणि धर्मगुरूला किळस आली, तर तो बाहेर काढून द्राक्षारसाने धुवावा आणि मिस्सा संपल्यावर जाळावा. किळस येत नसेल आणि धोका वाटत नसेल, तर रसासह प्राशन करावा. हे लिहिणाऱ्याने वेदीवर उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात ढवळते, हेसुद्धा ध्यानात घेतले, याचे मला फार अप्रूप वाटते. प्याल्यावर झाकलेले ते खळ दिलेले चौकोनी कापड पुष्कळांना केवळ शोभेचे वाटते. परंतु जुलैतल्या संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती घोंगावणारे किडे ज्याने पाहिले, त्याला त्याचे काम सांगावे लागत नाही.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठांसाठी घालून दिलेल्या नियमावलीत पहाटेच्या प्रार्थनेचे पहिले स्तोत्र मुद्दाम संथ म्हणावे असे सांगितले आहे, म्हणजे उशिरा येणाऱ्यांना पोहोचता येईल. त्यांना बाहेरही ठेवू नये, कारण एखादा परत जाऊन झोपेल. मात्र स्तोत्र म्हणताना चुकलेल्या मुलांना फटके द्यावेत, हा त्यातलाच नियम मला मान्य नाही.

सदरमधले आपले कॅथेड्रल ज्यांच्या नावाचे आहे, ते संत फ्रान्सिस डी सेल्स (1567–1622) याबाबतीत मला जवळचे वाटतात. इतरांशी जसे सौम्य वागावे तसेच स्वतःच्या चुकांशीही सौम्य वागावे, स्वतःवर चिडचिड करत बसू नये, असा उपदेश ते आग्रहाने करीत.

एका पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला, आमच्याकडे सातवीतल्या एका मुलीला बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतील वाचन दिले होते. त्यातल्या लोकांच्या आणि देशांच्या नावांच्या यादीत ‘पार्थी, मेदी, एलामी’ येथपर्यंत ती नीट आली, ‘कप्पदुकिया’पाशी अडखळली, पुन्हा अडखळली, आणि पुढच्या बाकावरच्या मुलांना हसू आवरेना. तिच्या बोटाखालचे पान थरथरताना मला दिसत होते. फादर फक्त ‘‘सावकाश’’ म्हणाले. तिने वाक्य पहिल्यापासून घेतले आणि पूर्ण केले. पुढच्या वर्षी तिने ते वाचन स्वतः मागून घेतले, आणि ती त्या नावापाशी आली तेव्हा तीच पुढच्या बाकावरची मुले तिच्याबरोबर ते ओठांतल्या ओठांत म्हणत होती.