आला की आणला?

(ठाण्यात एका निसर्ग-छायाचित्र प्रदर्शनाच्या सांगतेला झालेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी. परीक्षकानं निकाल सांगून खाली बसावं, भाषण करू नये, असं माझं स्वच्छ मत आहे. पण संयोजकांनी वेळ दिलाय आणि बाहेर धो धो पाऊस आहे, तेव्हा तुम्हीही कुठे जाणार?

हा पहिला फोटो बघा. रात्रीची वेळ आहे आणि एक लांडगा लाकडी फाटकावरून उडी मारतोय. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही स्पर्धा 1965 पासून चालू आहे. 2009 साली तिचं सर्वोच्च बक्षीस या फोटोला मिळालं आणि जानेवारी 2010 मध्ये ते काढून घेतलं गेलं. फोटोत जोडकाम नव्हतं. लांडगा खरा होता, उडीही खरी होती. पण तो रानातला नसून माद्रिदजवळच्या एका प्राणिउद्यानातला माणसाळलेला लांडगा असावा, अशा निष्कर्षाला परीक्षक आले. छायाचित्रकारानं आरोप नाकारला. काही जाणकारांना शंका आली ती उडीवरूनच. फाटकाच्या दांड्यांमधून निसटून जाता येत असताना रानातला लांडगा उडी कशाला मारेल?

मी प्राणिशास्त्र शिकवलं असल्यामुळे मला ही शंका फार आवडते. कॅमेऱ्याचं ज्ञान तिथे उपयोगी पडलं नाही, लांडग्याचं पडलं. तेव्हापासून कुठलाही बक्षीसपात्र फोटो समोर आला की मी आधी विचारते, हा प्राणी इथे आला की आणला?

आणण्याची हद्द कुठवर जाते, तेही सांगते. 2017 च्या स्पर्धेत ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानातला एक फोटो एका विभागात विजेता ठरला होता. अंधारात चमचमणारं वारूळ आणि त्यावर आलेला मुंगीखाऊ. वारुळावरचा तो उजेड खरा असतो. तिथे राहणाऱ्या एका भुंग्याच्या अळ्या भक्ष्याला ओढण्यासाठी चमकतात. पण त्या मुंगीखाऊच्या अंगावरचे केस, पट्टे, डोक्यावरचा झुपका उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशी ठेवलेल्या पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी तंतोतंत जुळत होते. 2018 मध्ये तेही बक्षीस गेलं. छायाचित्रकाराचा इथेही इन्कार आहे, हे सांगायलाच हवं.

आता ‘आलेले’ प्राणी बघू. ही 2020 ची विजेती वाघीण, रशियाच्या अतिपूर्वेकडची. जुन्या फरच्या झाडाला मिठी मारून ती गाल घासतेय, म्हणजे आपला वास तिथे ठेवून जातेय. सर्गेई गोर्शकोव्हनं फोटो काढला असं आपण म्हणतो, पण त्या क्षणी तो तिथे नव्हताच. त्यानं आधी जंगलभर नखांचे ओरखडे, केस, मूत्राचा वास शोधले आणि मग या झाडासमोर कॅमेरा ट्रॅप लावला, म्हणजे हालचाल झाली की आपोआप टिपणारा कॅमेरा. ही चौकट मिळेपर्यंत अकरा महिन्यांहून जास्त काळ गेला. 2025 चा विजेता विम व्हॅन डेन हीव्हर याची गोष्टही त्याच जातीची. नामिबियातलं कोलमान्सकोप हे हिऱ्यांच्या खाणींचं ओसाड गाव. तिथल्या वाळूत त्याला तपकिरी तरसाचे माग दिसत, पण तरस मात्र चौकटीत यायला दहा वर्षं लागली.

यावर नेहमी कुणीतरी विचारतं, की मग हा फोटो माणसाचा कसा, तो तर यंत्राचा झाला! याचं उत्तर इथून फार लांब नाही. येऊरच्या डोंगरापलीकडे आरे कॉलनी आहे. नयन खानोलकरांनी तिथल्या वारली वस्तीत कॅमेरा ट्रॅप लावला आणि अरुंद गल्लीतून जाणारा बिबट्या टिपला. 2016 मध्ये याच स्पर्धेत शहरी विभागाचं पहिलं बक्षीस त्याला मिळालं. त्यांनी फ्लॅश असे बसवले की गल्लीत नेहमी असतो तसाच उजेड वाटावा, आणि कॅमेरा असा ठेवला की बिबट्यानं सगळी चौकट खाऊ नये, घरंही दिसावीत. त्याआधी वस्तीतल्या लोकांना त्यांनी बेत पटवून दिला. हवा तो फोटो मिळायला चार महिने गेले. वाघोबाला देव मानणारी ही माणसं. बिबट्या कुठल्या वाटेनं जातो ते त्यांना रोजच्या जगण्यातून ठाऊक असतं. बटण यंत्रानं दाबलं असेल, पण जागा ठरवायला तिथल्या माणसांना विचारावं लागतं. माझ्या मते फोटो पारखण्याचा मोठा भाग तिथेच संपतो.

आता थोडं आपल्या भिंतींकडे. रागावू नका, पण फ्लेमिंगोंच्या फोटोंवर मला जरा जास्त बोलायचं आहे. ठाणे खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, सुमारे 1,690 हेक्टर, आणि 2022 मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. आपल्या स्पर्धेत आलेले बरेचसे फोटो सबंध थवा उडतानाचे आहेत. पंखाखालचा लाल-काळा रंग झकास दिसतो, मान्य. पण थवा उगाच उडत नाही. बहुतेक वेळा तो उडवला जातो, बोट अंगावर घालून. हा पक्षी चोच उलटी धरून चिखलपाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. चिखल उघडा असतो किंवा त्यावर जेमतेम पाणी असतं, तेवढाच त्याचा जेवायचा वेळ. त्यातून तुम्ही त्याला उठवता.

न उठवताही तो जवळ येतो, फक्त वेळ कळायला हवी. आपल्या कोळी बांधवांचा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करा की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीच्या आतल्या अंगाला थोडा उशीर धरा. ओहोटीला पक्षी चिखलभर लांबवर पांगतात आणि तुमची बोटही रुतते. भरती चढू लागली की पाणीच त्यांना तिवरांच्या कडेकडेनं सरकवत आणतं. बोट आधीच तिथे असावी, इंजिन बंद असावं, आणि आपण गप्प असावं (हे शेवटचं ठाणेकरांना सर्वांत अवघड). भरती पूर्ण झाली की त्यांतले कितीतरी नेरुळच्या डीपीएस तलावावर आणि टी. एस. चाणक्यच्या पाणथळीवर जाऊन बसतात. तिथे बोटीची गरजच नाही.

हे तिथीचं गणित फक्त आपल्याकडचं नाही हं. 2021 चा विजेता लॉराँ बालेस्ता पॅसिफिकमधल्या फाकारावाच्या खाजणात पाच वर्षं परत परत जात राहिला. तिथे ग्रूपर मासे जुलैच्या पौर्णिमेच्या आसपास अंडी घालायला जमतात. चुकलं की पुढल्या जुलैपर्यंत थांबायचं.

चापड्याच्या फोटोंबद्दल थोडक्यात सांगते. हा हिरवा साप बांबूत, झुडपात दबा धरून बसतो. पानं काढलेल्या एकुलत्या काडीच्या टोकावर, मागे एकसारखा काळा पडदा, असा तो दिसला की तो आणून बसवलाय असं समजून मी तो फोटो बाद करते. काजवेही ‘आलेले’ आणि ‘आणलेले’ असे दोन्ही असतात. आधी ‘आलेले’ बघा. पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर हिचा भंडारदऱ्याजवळच्या काजव्यांनी लगडलेल्या झाडाचा फोटो 2020 मध्ये लंडनला गौरवला गेला. नर काजवे मादीला बोलावण्यासाठी चमकतात, आणि त्यात कुणी गाडीचे हेडलाइट लावले की तो निरोपच पुसला जातो. बाटलीत भरून आणलेल्या काजव्यांचा एक फोटो आपल्याकडेही आला होता. नाव सांगत नाही.

काहींना वाटतं की यासाठी रशिया किंवा नामिबिया गाठायला हवं. 2021 मध्ये याच स्पर्धेत दहा वर्षं आणि त्याखालच्या गटात बंगळुरूचा एक मुलगा जिंकला. भिंतीच्या फटीतला कोळी, आणि मागून गेलेल्या रिक्षाचे रंग. एवढंच! घोडबंदर रोडला कोळी आहेत, रिक्षा तर आहेतच आहेत.

संयोजकांना एक विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या अर्जात कॅमेरा, लेन्स, शटर स्पीड यांच्या जोडीला एक मोठा रकाना द्या, ‘हा प्राणी इथे कसा आला?’ असा. पाच-सहा ओळी लिहायला सांगा. मोठ्या स्पर्धा शेवटच्या फेरीत मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली काहीही न बदललेली फाइल मागतात, तशी तुम्हीही मागा. फक्त त्या एका फोटोची नको, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या फोटोंचीही मागा. काडीवर साप ठेवणारा हात बहुतेक वेळा आधीच्या फोटोत सापडतो.