आधी ध्रुपद धरा: लिहिणाऱ्याने दुसऱ्याचं कसं वाचावं?

नमस्कार मंडळी. आज सुरुवातीलाच एक हात मोकळा ठेवा, आपल्याला अक्षरं मोजायची आहेत.

(हात कॅमेऱ्यासमोर धरून, एकेक बोट मोडत)

कां-ही-पा-ठ-के-ली. किती झाली? सहा. सं-तां-ची-उ-त्त-रे. सहा. वि-श्वा-से-आ-द-रे. पुन्हा सहा. आणि क-रो-नि-या. चार.

सहा, सहा, सहा, चार. जोडाक्षर एकच धरायचं. एकूण बावीस. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं, 'उत्तरे' आणि 'आदरे', आणि चौथा तुकडा मोकळा सुटतो. मोठा अभंग म्हणतात तो हा. नामदेवांच्या नावावर एक अभंग आहे, त्यात हा अक्षरांचा हिशोब सांगितला आहे, अगदी 'बाविसावी संख्या' म्हणून. आणि आत्ता आपण मोजली ती ओळ तुकोबांची. दोघांमध्ये जवळपास तीनशे वर्षांचं अंतर आहे.

काही पाठ केली संतांची उत्तरे, विश्वासे आदरे करोनिया.

तुमच्यापैकी पुष्कळ जण लिहिता. कुणी रोज सकाळी चार ओळी टाकतं, कुणी महिन्यातून एकदा मोठा लेख. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: "ताई, लिखाण सुधारायला काय करू?" 'वाचत जा' हे उत्तर तुम्हाला सगळ्यांनी दिलेलं आहे. शाळेतल्या बाईंनी, घरातल्या मोठ्यांनी, मीही दिलंय. पण वाचायचं कसं, हे फारसं कुणी सांगत नाही. मला ते या एका अभंगात सापडलं, म्हणून आजचा सगळा वेळ मी त्याला देणार आहे.

'याती शूद्र वैश्य केला वेवसाव' असा तो सुरू होतो. तुकोबा यात स्वतःची हकिकत सांगतात, आणि का सांगतात तेही सांगतात. म्हणतात, हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी प्रश्न केला म्हणून वचन पाळतो. म्हणजे कुणीतरी त्यांना विचारलं होतं, की तुम्ही असे कसे झालात? लिहिणाऱ्याला आपण आजही हेच विचारतो.

उत्तराचा क्रम नीट ऐका. आधी संसाराचं दुःख. आईवडील गेले. दुष्काळात पैसा गेला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली. व्यवसायात तूट आली. मग मोडकं देऊळ, ते नीट करावंसं वाटलं. मग एकादशीला कीर्तन सुरू केलं, आणि तिथे तुकोबा सांगतात, 'नव्हते अभ्यासी चित्त आधी'. सुरुवातीला अभ्यासात मन नव्हतं! ही ओळ मला फार धीर देते. त्यानंतर येतं, 'काही पाठ केली संतांची उत्तरे'.

कवित्व अजून आलेलंच नाही. ते पुढे आहे, बऱ्याच कडव्यांनंतर. आधी दुसऱ्यांचं पाठ केलं, मग स्वतःचं सुचलं.

आता यातला 'काही' हा शब्द बघा. सगळी उत्तरं पाठ केली असं ते म्हणत नाहीत. काही. मी एकेकाळी वर्षाला किती पुस्तकं वाचली याची यादी ठेवायचे. यादी वाढत होती आणि माझे लेख होते तसेच राहत होते. प्रत्येक लेख एकाच सुरात सुरू व्हायचा, एकाच सुरात संपायचा. ज्या वर्षी मी फक्त चार लेखक पुन्हा पुन्हा वाचले, त्या वर्षी माझं वाक्य हललं. म्हणून 'काही' हा शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

आणि 'विश्वासे आदरे'. लिहिणारा माणूस दुसऱ्याचं वाचताना एक चूक करतो, तो पहिल्या ओळीपासून तपासनीस होतो. इथे हे चुकलं, मी असतो तर असं लिहिलं असतं. तपासायला हरकत काहीच नाही, पण दुसऱ्या वाचनात. पहिलं वाचन विश्वासाने करा. या माणसाला काहीतरी सांगायचं आहे एवढं मान्य करून शेवटपर्यंत त्याच्यासोबत चाला.

याच्या पुढची ओळ तर मला सोन्याची वाटते.

गाती पुढे त्यांचे धरावे धृपद, भावे चित्त शुद्ध करोनिया.

कीर्तनात किंवा भजनात तुम्ही मागे टाळ घेऊन उभे राहिला असाल तर तुम्हाला हे लगेच कळेल. पुढचा माणूस चरण म्हणतो, आणि मागच्यांनी दर चरणानंतर ध्रुपदाची, म्हणजे पालुपदाची, ओळ उचलायची. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पुढच्याचा श्वास कुठे संपतो, त्याने 'करोनिया' किती लांबवलं, लय चढली की उतरली, हे सगळं कानाने धरल्याशिवाय ध्रुपद वेळेवर उचलताच येत नाही. एक मात्रा उशीर झाला की सगळ्यांना कळतं. तुकोबांनी बावीस अक्षरांचा हा साचा कुठून घेतला असेल? माझं मत विचाराल तर टाळ धरून उभं राहिल्या-राहिल्या तो त्यांच्या कानात बसला असणार. पुढे स्वतःचं काही म्हणायची वेळ आली तेव्हा शब्द आपोआप सहा-सहाच्या पावलांनी आले.

गद्य लिहिणाऱ्याने ध्रुपद कसं धरायचं? मी काय करते ते दाखवते.

(वही उघडून कॅमेऱ्याकडे धरते)

ही दोनशे पानी साधी वही. आवडलेल्या लेखातला एक परिच्छेद मी यात हाताने उतरवते. मोबाईलवर कॉपी करून चालत नाही, कारण त्यात डोळा ओळीवरून घसरत जातो. हाताने लिहिताना प्रत्येक स्वल्पविरामापाशी थांबावं लागतं. मग तो परिच्छेद मोठ्याने वाचायचा. दोनदा. जिथे माझा श्वास अडखळतो तिथे पेन्सिलीने खूण.

मागच्या पावसाळ्यात एका बाईंचा लेख असाच उतरवत होते. वडिलांवरचा. वडील एसटीत चालक. मी तो लेख वाचून रडले होते, पण का रडले ते मला कळत नव्हतं. उतरवताना कळलं. आख्ख्या परिच्छेदात 'कष्टाळू' नाही, 'प्रेमळ' नाही, वडील कसे होते हे सांगणारं एकही विशेषण नाही. वडील रात्री उशिरा घरी येतात, आणि कुणाची झोप मोडू नये म्हणून डबा आवाज न करता धुऊन ओट्यावर पालथा घालतात. बस्स. मी माझा आजीवरचा लेख काढला आणि त्यातली विशेषणं मोजली. एका पानात एकोणीस. त्या रात्री मी तो लेख पुन्हा लिहायला घेतला.

आता तुम्ही म्हणाल, असं उतरवत बसलो तर आपण त्यांच्यासारखंच लिहायला लागू. आणि त्यातून उचलेगिरी झाली तर? ही भीती खरी आहे, तुकोबांच्या काळातही होती. सालोमालो नावाचा कुणी होता, तो तुकोबांच्या रचनांत स्वतःचं नाव घालून त्या आपल्या म्हणून गायचा, असं परंपरा सांगते. तुकोबांनी त्याचं नाव घेऊन लिहिलं आहे: 'म्हणती एकाचे आपुले'. संतांची वचनं मोडून स्वतःला दागिने करतात, असा त्यांचा आरोप आहे. विचार करा, हाच माणूस अभिमानाने सांगतो की मी दुसऱ्यांची वचनं पाठ केली. त्यांच्या मनात दोन्हींतला फरक स्वच्छ होता. पाठ करताना ज्याचं आहे त्याचं नाव सोबत राहतं. चोरताना आधी ते नाव पुसावं लागतं. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक उताऱ्याखाली लेखकाचं नाव आणि तारीख असते, आणि माझ्या लेखात कुणाची कल्पना आली की मी ते नाव लेखातच घेते. याबाबतीत मी खूप कडक आहे, आणि तुम्हीही असावं असं मला मनापासून वाटतं.

एकनाथांचं उदाहरण मला इथे सांगायलाच हवं. त्यांचं भागवत 1573 मध्ये वाराणसीला पूर्ण झालं. म्हणजे ते तेव्हाच मोठे ग्रंथकार. त्यानंतर अकरा वर्षांनी, शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर ज्ञानेश्वरीला जवळपास तीनशे वर्षं होत आली होती. नकलांवर नकला झालेल्या, मूळ शब्दांत पाठभेद शिरलेले. आपलं थोरलं पुस्तक झाल्यावर हा माणूस दुसऱ्याच्या पुस्तकाची ओवी न् ओवी तपासत बसला. आणि शेवटी ताकीद देऊन ठेवली, की ज्ञानेश्वरीत जो आपली मराठी ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. ओव्या रचण्यात ज्याचा हात धरणारं कुणी नव्हतं तो म्हणतोय, इथे माझी एकही ओवी नको. वाचकाचा इतका मोठा आदर मी दुसरा पाहिलेला नाही.

बरं, वाचलं, उतरवलं, शिकलो. पण ज्याचं वाचलं त्याला ते कळतं का?

'याती शूद्र वैश्य' या आपल्या अभंगातच पुढे तुकोबा सांगतात, 'निषेधाचा काही पडिला आघात, तेणे मध्ये चित्त दुखविले'. आणि लगेच, 'बुडविल्या वह्या'. म्हणजे त्यांच्यासारख्या माणसाचंही मन लोकांच्या बोलण्याने दुखावलं. वह्या पाण्यात गेल्या. त्या परत मिळाल्या हे ते देवाचं देणं मानतात. आणि आपल्याकडे असंही म्हणतात, की अभंग लोकांना पाठ होते, त्यामुळे ते लोकगंगेत तरले. मला हे दुसरं म्हणणं वाचकांच्या बाजूने फार मोलाचं वाटतं. संताजी जगनाड्यांनी अभंग उतरवून ठेवले, त्यांच्या वह्यांवर आजही अभ्यासक काम करतात. उतरवणारा माणूस लेखकाचा किती जवळचा असतो बघा.

आणि बहिणाबाई. शिऊरच्या संत बहिणाबाई, जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. ही लहान मुलगी कोल्हापुरात होती. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनात तिने तुकोबांचे अभंग ऐकले. माणूस पाहिलेला नाही, गाव पाहिलेलं नाही, फक्त शब्द कानावर आले आणि तिला ध्यास लागला. 1640 च्या सुमारास तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला असं ती लिहिते. ब्राह्मण घरातली बायको शूद्र गुरू करते म्हणून नवऱ्याने तिला मारहाण केली. तरी पुढे तेच कुटुंब देहूला आलं, तिने तुकोबांना प्रत्यक्ष पाहिलं, आणि ती स्वतः लिहायला लागली. तुकोबांना डोळ्यांनी पाहून लिहिणारी जी थोडी माणसं आहेत त्यात ती आहे. 'संतकृपा झाली, इमारत फळा आली' हा अभंग तिच्या नावावर आहे. ज्ञानदेवांनी पाया रचला इथपासून तुका कळस झाला इथपर्यंत. मी तो लहानपणापासून आरतीसारखा म्हणत आले, पण आता म्हणताना मला त्यात कुणी कुणाचं वाचलं, कुणी कुणाचं गायलं, त्याची वंशावळ दिसते.

तर त्या एसटीवाल्या लेखाचं पुढे काय झालं ते सांगते. आधी मी नुसतं 'सुंदर' असं लिहून पाठवणार होते. मग वाटलं, ज्या ओळीने मला लिहायला शिकवलं ती तरी सांगावी. मी त्यांना लिहिलं: "तुमच्या लेखातला पालथा घातलेला डबा वाचून मी माझ्या आजीच्या लेखातली एकोणीस विशेषणं काढली." दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी ते डब्याचं वाक्य दोनदा खोडलं होतं. फार साधं आहे, यात काय सांगण्यासारखं, असं वाटून. तिसऱ्यांदा राहू दिलं.

तेव्हापासून त्या मला कच्चे लेख पाठवतात, मी त्यांना. आम्ही अजून भेटलेलो नाही. एकमेकींच्या घरात काय चाललंय हे फारसं विचारत नाही, पण त्यांचं वाक्य कुठे थकतं ते मला कळतं, आणि माझं कुठे उगाच गोड होतं ते त्या बरोबर पकडतात. कधी कधी पकडलेलं टोचतं. एक दिवस मी उत्तरच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी शांतपणे वाचलं तेव्हा त्यांचं बरोबर होतं, आणि मी तसं लिहून कळवलं.

आता तुमच्यासाठी काम. या आठवड्यात एकच लेख निवडा, शक्यतो फार नाव नसलेल्या माणसाचा. त्यातला एक परिच्छेद हाताने उतरवा, मोठ्याने वाचा, आणि ज्या एका वाक्यापाशी थांबलात ते वाक्य त्या माणसाला जसंच्या तसं लिहून कळवा. 'छान' हा शब्द न वापरता.

(वहीचं नवं पान उलटून, तारीख घालत)

मी आज त्यांनीच पाठवलेला नवा लेख उतरवायला घेतेय. आईवरचा आहे. पहिलं वाक्य असं सुरू होतं...

(पेन कागदावर टेकवते. वाचता वाचता आवाज हळूहळू कमी होत जातो.)