लिंकनने भावाला ८० डॉलर का दिले नाहीत?

नमस्कार मंडळी! समजा भावाचा मेसेज आला, अरे जरा पैसे पाठव ना, अडचण आहे, आणि हे काही पहिल्यांदा नाहीये. काय कराल? एकतर गपचूप पाठवून मोकळे व्हाल नाहीतर दोन दिवस मेसेज बघितलाच नाही असं दाखवाल, बरोबर ना? अब्राहम लिंकनने तिसरंच काहीतरी केलं. त्याने हिशोब मांडला.

डिसेंबर १८४८. लिंकन अजून राष्ट्राध्यक्ष वगैरे काही नाही, इलिनॉयमधून निवडून आलेला खासदार आहे आणि वॉशिंग्टनमध्ये आहे. तिकडे इलिनॉयच्या कोल्स काउंटीत त्याचे वडील थॉमस, सावत्र आई सारा आणि साराचा पहिल्या लग्नाचा मुलगा जॉन जॉन्स्टन शेतावर राहतात. वडिलांनी २० डॉलर मागितले, जमीन लिलावात जाऊ नये म्हणून, ते त्याने दिले (एक टोमणा मारून, की आपल्याविरुद्ध कोर्टाचा निकाल आहे हे तुम्ही विसरलात कसे). जॉनला ८० हवे होते. त्याला नाही.

पण नुसतं 'नाही' म्हणून तो थांबला नाही. तो लिहितो की तू आळशी नाहीस, पण रिकामटेकडा आहेस, आपली भेट झाली त्यानंतर तू एक दिवस तरी पूर्ण दिवसाचं काम केलंस का मला शंका आहे. आणि मग ऑफर: आजपासून १ मेपर्यंत तू मजुरी करून जेवढे डॉलर कमावशील किंवा जेवढं कर्ज फेडशील, तेवढेच मी वरून देणार. महिना १० ची नोकरी धर, माझे १०, झाले २०. वर अट, की सोन्याच्या खाणींसाठी कॅलिफोर्नियाला पळायचं नाही, घराजवळच काम बघायचं. ही सोन्याची बातमी तेव्हा ताजी ताजी होती, म्हणजे भावाला किती ओळखून होता बघा!

जॉन म्हणाला होता की ७०-८० डॉलरसाठी मी स्वर्गातली जागासुद्धा देऊन टाकेन. लिंकनचं उत्तर काय, तर मग तू स्वर्गातली जागा फारच स्वस्तात काढतोयस, माझ्या ऑफरने तेवढे पैसे चार-पाच महिन्यांच्या कामात मिळतील. जॉनने जमीन लिहून द्यायचीही तयारी दाखवली होती. त्यावर, जमीन असताना तुझं भागत नाही, मग जमीन गेल्यावर कसं भागेल? आणि पत्राच्या शेवटी सही, तुझा प्रेमळ भाऊ. मला हे सगळं वाचताना हसू येतं आणि जॉनची दयाही येते, कारण असा मुद्देसूद भाऊ असणं काही सोपं नसणार.

आता लिंकनलाच देवमाणूस करू नका हं. जानेवारी १८५१ मध्ये वडील आजारी होते, जॉनच्या दोन पत्रांना याने उत्तरच दिलेलं नव्हतं, शेवटी १२ तारखेला लिहिलं, की घरी बायको आजारी आहे, आणि वडिलांना सांग की आता भेट झाली तर ती सुखापेक्षा दुःखाचीच होईल. पाच दिवसांनी वडील गेले. अंत्यविधीलाही तो गेला नाही. पैशाबद्दल इतकं सविस्तर लिहिणारा माणूस वडिलांबद्दल कसा आखडला ते बघा.

पण खरी मजा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये. जॉनला जमीन विकून मिझूरीला जायचं होतं. लिंकन विचारतो, तिथली जमीन जास्त कसदार आहे का? तिथे कष्ट न करता मका आणि गहू उगवतो का? मुळात त्या शेताचे पूर्वेकडचे ४० एकर लिंकनने १८४१ मध्येच वडिलांकडून २०० डॉलरला घेतले होते, आईवडील हयात असेपर्यंत जमीन त्यांच्याकडे आणि नंतर २०० डॉलर भरून जॉनकडे, असं ठरलेलं. आता जॉनचा प्लॅन असा, की जमीन ३०० ला विकायची, १०० आपण घेऊन जायचं, आणि उरलेले २०० आईसाठी आठ टक्के व्याजाने लावायचे. करा हिशोब. वर्षाला १६ डॉलर!

लिंकन भडकलाच. लिहितो की तीच जमीन खंडाने दिली तर आईला वर्षाला निदान ३० सुटतील, आणि तू तिला १६ डॉलरची एवढी 'प्रचंड' रक्कम देणार? आईला असं वागवून तुला समाधान वाटत असेल, मला नाही वाटत.

आणि ही आई त्याची सख्खी नव्हती, जॉनची सख्खी होती. त्याच महिन्यातल्या दुसऱ्या एका पत्रात तो जॉनच्या मुलाला, अब्रामला, आपल्याकडे ठेवून शिकवायची तयारी दाखवतो. जॉन १८५४ मध्ये वारला. सारा मात्र १८६९ पर्यंत जगली, दोन्ही मुलांच्या नंतर.